झोपाळ्याची कडी

“लोखंडासारखं इमानदार जगात कुणी न्हाय,” बसलिंगप्पानं जाहीर केलं आणि पहिल्याच हिसक्यात हातातली कडी मोडली. मागं रझाकारांनी पेटवलेल्या गावाचा धूर होता, पुढं दुथडी भरलेली सीना. पलीकडं निजामाचा अंमल नव्हता. गुळाच्या दोन काहिली फळ्यांनी जोडून त्यानं नाव केली होती. पुरात तिला नदीवर ताणलेल्या दोराशी धरून ठेवणार होती एकच कडी. मोटेची झिजलेली निघाली, गाडीची तडकलेली. शेवटी त्यानं मळ्यातल्या सासूबाईंच्या झोपाळ्याची उतरवली. “हिनं एवढी वर्षं मामींना पेललंय, सीनेचं काय घेऊन बसलीस?” तो बायकोला हळूच म्हणाला. कडीला एरंडेल चोळून त्यानं तान्ह्यासह मायलेकींना बसवलं आणि दोर ओढायला घेतला. मधल्या धारेत नाव कलली, कडी करकरली. बायकोनं डोळे मिटले. सासूबाईंनी पानाची चंची उघडली. “जावईबापू, जरा सावकाश ओढा. माझा चुना सांडायलाय.”