मोकळी पट्टी

"साहेब, तुम्ही असे खिडकीपाशी बसा. वारा लागेल," म्हणत दत्तात्रेयने खुर्ची उजेडात सरकवली.

तारखात्याचे अधिकारी जयतीर्थ खास बेळगावहून हुबळीला आले होते. पुढे दत्तात्रेयच्या घराण्याचं तांब्यापितळेचं दुकान होतं. मागच्या खोलीत निम्म्यात नव्या घागरींच्या उतरंडी, निम्म्यात दत्तात्रेयचं बिनतारी यंत्र.

"गोऱ्या साहेबानं दोनदा नामंजूर केलेला अर्ज तिसऱ्यांदा करणारा माणूस बघायचा होता मला," जयतीर्थ म्हणाले.

"बघा की री! पण सही करूनच जा." दत्तात्रेय घरातही बाजारात हाक मारल्यासारखाच बोलायचा.

"हौशी लोकांना सरकारनं बिनतारी लहरींच्या पट्ट्या नेमून दिल्यात. तुम्हाला ही कुणालाच न दिलेली पट्टी कशाला? तिथं चिटपाखरू नाही."

"म्हणूनच तर! माझ्या प्रयोगाचा कुणाला त्रास नको. इतक्या आखूड लहरी इथून धारवाडला, केळगेरीच्या तळ्यापर्यंत पोचतात का, एवढंच बघायचंय. पोचतात, माझी खात्री आहे."

त्याला खात्री सगळ्याचीच असायची. धाकधूक होती ती त्याच्या बायकोला, सुशीलेला. या खेपेला परवानगी मिळाली नाही तर लहरी पकडायचा परसातला खांब उतरवून यंत्र सरकारजमा होणार होतं. टायफॉइडच्या दुखण्यातून नवरा उठला तो या यंत्राच्या नादाने. ते गेलं तर तो पुन्हा अंथरूण धरील, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती.

जयतीर्थ उठले आणि खिडकीतून परसातला खांब न्याहाळू लागले. "किती उंच आहे हो हा?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

उत्तर आलं नाही. सुशीला लगबगीने पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिच्याकडे वळला.

"साहेब खांबाची उंची विचारतायत. आणि साहेब, कॉफी चालेल ना?"

"चाळीस फूट!" दत्तात्रेय ऐटीत म्हणाला.

मग जयतीर्थ खुर्ची यंत्रापाशी घेऊन बसले आणि परीक्षा सुरू झाली. जयतीर्थांनी कळ दाबून तारेच्या लिपीत संदेश पाठवायचा आणि दत्तात्रेयने तो उतरवून घ्यायचा. त्यांनी हेडफोन पुढे केला.

"तो नको. त्यानं कान दुखतात माझे."

त्याने कर्णा जवळ ओढला, त्याच्या पेटीवर डाव्या हाताची बोटं टेकवली आणि डोळे मिटून घेतले. उजवा हात कागदावर भराभर चालू लागला. जयतीर्थांनी वेग वाढवला, मग खोडी काढल्यासारखा आणखी वाढवला. कागदावर एकही चूक सापडली नाही.

"शाब्बास! असे कान मी आजवर पाहिले नाहीत," ते मनापासून म्हणाले. त्यांनी अटींचा कागद उलगडला. "आता शेवटची अट. अर्जदाराला उत्तम ऐकू येत असलं पाहिजे. घ्या! हे काय विचारायचं?"

त्या अटीपुढे हसत हसत खूण करून त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि सही करायला घेतली.

सुशीला कॉफीचे पेले घेऊन येत होती, पण तिचं सगळं लक्ष त्या टाकावर होतं. तिचं कोपर उतरंडीला लागलं. वरची घागर दत्तात्रेयच्या पाठीमागे फरशीवर आदळली आणि ठणठणत थेट दुकानापर्यंत गडगडत गेली. जयतीर्थ दचकून अर्धे उठलेच. दुकानातली गिऱ्हाइकं दारात येऊन डोकावली.

दत्तात्रेयची नजर कागदावरून हलली नव्हती.

"साहेब, सही अर्धीच का हो?"

जयतीर्थांनी सुशीलेकडे पाहिलं. पेले तिथेच फरशीवर ठेवून तिने हात जोडले.

ते पुन्हा खाली बसले. त्यांनी उरलेली सही पूर्ण केली, खुर्ची खिडकीजवळ ओढली, चेहरा पुरता उजेडात आणला आणि दत्तात्रेयकडे पाहत एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "टाक... जरा... अडला होता."