वाटीतले केक

तापलेली वाळू घातलेल्या पातेल्यावरचं झाकण सुगंधानं उचललं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सगळ्या वाट्यांतले केक टम्म फुगून वर आले होते.

गोदूबाई, नर्मदा आणि सोजराबाई उंबऱ्याबाहेर पदर आवरून बसल्या होत्या. सुगंधानं हातापाया पडून बोलावलं म्हणून आल्या, एवढंच. तारापूरला वीजघराचं काम निघालं तेव्हापासून सगळ्या एकाच चाळीत राहत होत्या, पण सुगंधाच्या घरचं पाणीसुद्धा तिघींनी कधी तोंडाला लावलं नव्हतं. हिच्या चुलीवर नवापूरच्या किनाऱ्यावरची मासळी शिजायची, आणि त्या पडल्या माळकरी. गोदूबाईनं तर काशीला जाऊन दूधही सोडलेलं. अशा बाईला केक खाऊ घालायचा म्हणजे थट्टाच होती.

पण सुगंधाच्या जिवावर बेतलं होतं. चाळीत बाळंतपण करणारा हात एकट्या गोदूबाईचा. मागच्या खेपेला तिला दोनदा बोलावणं गेलं, ती आली नाही. सुगंधा एकटीच अडली आणि पोर न रडताच गेलं. आता पुन्हा दिवस भरत आले होते.

"अंड्याबिगर केक?" सोजराबाई म्हणाली. "हायेत तेवढे दात राहू दे बाई माझे."

"अंडं न्हाई, दूध न्हाई, तूपसुद्धा न्हाई. केळी, गूळ आन् नारळाचं दूध. वाट्यापण नव्या हायेत, मावशी."

"नारळ काय मी काशीला सोडला न्हाई," गोदूबाई म्हणाली आणि औषध घ्यावं तसा चिमूटभर तुकडा तोंडात टाकला.

मग तिनं अख्खा केक उचलला. नर्मदा उंबरा ओलांडून आत आली, मागोमाग बाकीच्या दोघीही. सोजराबाईनं दात विसरून दोन खाल्ले आणि एक घरी न्यायला पदरात बांधला. गोदूबाईची नजर सुगंधाच्या पोटावर गेली.

"कळा सुरू झाल्या की हाक मार. रात्र असू दे न्हाईतर दिवस, मी येईन."

सुगंधाला रडूच फुटलं. या एका शब्दासाठी तिनं सकाळपासून पीठ कालवलं नव्हतं, जीव ओतला होता.

"पर ह्ये फुगलं कशानं गं?" गोदूबाईनं सहज विचारलं.

सुगंधाची नजर चुलीकडं गेली. चुलीमागं टोपलीखाली ताडीचं मडकं होतं. डोंगरातली सोमी पहाटे देऊन गेली होती. "पावपण हिच्यानंच फुगतं, बाय," असं तीच म्हणाली होती. माळकऱ्यांना ताडी म्हणजे अंड्याहून वाईट. त्यात नर्मदाचा नवरा ताडीपायीच गेलेला. खरं सांगितलं तर तिघी घशात बोटं घालून ओकतील आणि या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाहीत.

"सोडा घातलाय, मावशी."

"तसं नगं. पोटावर हात ठिव आन् सांग. माझ्या माळेचा सवाल हाय."

सुगंधानं पोटावर हात ठेवला.

"सोडाच हाय."

गोदूबाईचं समाधान झालं. तिनं आणखी एक केक घेतला आणि बाळंतविड्यात काय काय लागेल ते नर्मदाला सांगू लागली. घर पहिल्यांदाच बायकांच्या बोलण्यानं भरलं होतं.

सुगंधानं मात्र हात काढला नाही. आतून एक तरी लाथ बसावी म्हणून ती वाट बघत राहिली.