अर्धा तांब्या

शिकाऊ वैमानिकांचं ते दोन सीटचं विमान प्रेमानंद त्या दिवशी एकटाच नेत होता. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा त्यानं नेमाप्रमाणे आवळून बांधला होता.

जवळा बाजार गावावरून जाताना इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू होईना.

उतरायला खाली मोकळं रान होतं. पण त्याची बायको राधिका जाऊन दोन महिने झाले होते. आता कुणासाठी उतरायचं, असं वाटून त्यानं हात मांडीवर ठेवले.

शेजारच्या सीटपुढचा, विमान वळवायचा दांडा आपोआप पुढं सरकला. त्याला जोडलेला प्रेमानंदच्या पुढचा दांडाही सरकला. विमानाचं नाक झुकलं, विमान वळलं आणि सोयाबीन काढलेल्या रानात धडधडत जाऊन थांबलं.

शेतावरची जनकाबाई तांब्या घेऊन पळत आली. आधी पलीकडच्या दाराशी गेली, मग वळसा घालून त्याच्याकडं आली.

"टमटमवानी बंद पडलं व्हय, साहेब? घ्या, पाणी प्या. पहिले बाईला देऊन राहिले होते, तर म्हणल्या, आधी त्यांना द्या."

दवाखान्यातही जेवणाचा डबा आला की राधिका हेच म्हणायची.

प्रेमानंदनं शेजारी पाहिलं. पट्टा सुटलेला होता.

तो अर्धं पाणी प्यायला आणि तांब्या त्यानं रिकाम्या सीटकडं धरला.

तांब्या हळूहळू हलका होत गेला.