टॅबवरचं पारायण

एकदा पोथीला बसलं की अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही आणि उठायचंही नाही, हा रत्नाकररावांच्या घरचा नियम. त्यामुळे पोथी टॅबवर आल्यापासून त्यांची भक्ती फारच वाढली होती. दळण आणायचं असो की गॅसवाला दारात उभा असो, हे आपले देवासमोर टॅबमध्ये मान घालून बसलेले.

नातीने टाकून दिलेला तो टॅब इतका मंद होता, की त्यावर तिच्या जन्माआधीचा एक गेमच काय तो धड चालायचा. त्यातला ठेंगणा शिपाई उड्या मारत किल्ल्यात शिरायचा. आवाज अर्थातच बंद.

आज शिपाई पुलापाशी पोचला, शेवटची लाइफ उरली आणि नेमकी बॅटरी लाल झाली. रत्नाकररावांनी हात वर करून बायकोकडे चार्जरची खूण केली. दारापाशी बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, तो आशीर्वाद वाटला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"शैला, किती तल्लीन झालाय गं."

"हो ना," म्हणत शैलाताईंनी चार्जर आणला, वाकून टॅबला लावला आणि पडद्याकडे पाहतच राहिल्या. रत्नाकररावांना घाम फुटला. आता ही अक्कांसमोर बिनपाण्याने करणार.

शैलाताई त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "पुलावरून नका जाऊ, खालून पोहत जा. काल तुम्ही झोपला होतात तेव्हा मी त्या पुलावर तीनदा मेले."