न्हाणीकडची भिंत

टक्. टक्. टक्.

शिलाई मशीन पुसता पुसता वैजयंती थांबली. दुपारचं गॅरेज गपगार होतं. भिंतीचा पोपडा पडला असेल म्हणून तिनं खाली पाहिलं. पण पोपडे तिच्या नवऱ्यानं, हरीओमनं कधीच खरवडून काढले होते. वरून ओलीचं औषध फासलं होतं, थर्माकोलही लावत आणलं होतं. न्हाणीकडच्या भिंतीवर तेवढी एका शीटची जागा उरली होती.

ती न्हाणी मोठ्या दिराची. वाटणी झाल्यापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता, जाऊ जावेशी. पलीकडून यायची ती फक्त ओल. कापडाला बुरशी चढायची. मशीनसाठी कोरडी, गार खोली करून द्या म्हणून वैजयंतीच वर्षभर नवऱ्याच्या मागं लागली होती.

पुन्हा टक्टक् झाली. स्वयंपाकघरातून तिची लेक संस्कृती चमचा घेऊन धावत आली, भिंतीपाशी उकिडवी बसली आणि तिनं उलट टक्टक् केली.

"कोन आहे वं तिकडं?"

"मोठी आई. मी वाजवलं की मंग ते जेवते."

"तुले कोनं सांगितलं?"

"तिनंच. वाटणीचं सामान नेलं ना, त्या दिवशी."

पलीकडच्या याच न्हाणीत या मोठ्या आईनं, तिच्या जावेनं, पाय पसरून, या पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. स्वतःची कूस रिकामी, पण पोरीच्या डोळ्यांत कधी पाणी जाऊ दिलं नाही. वैजयंतीला आता राग यावा की रडू?

तेवढ्यात हरीओम शेवटची शीट घेऊन आला.

"धर वं, तिकडून दाब."

"आवो, एवढी एक राहू द्या ना."

"अन् काहून? इथूनच तर ओल येते! वर्सभर डोकं कोनं खाल्लं माह्यं?"

ते खरंच होतं. तिनं दोन्ही तळहातांनी शीट दाबून धरली.

"पाह्य," हरीओम हसला, "आता तिकडची ओलबी बंद अन् आवाजबी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन नव्या जागी बसली. खोली कोरडी होती, गार होती. संस्कृतीनं भिंतीवर चमचा मारला. फद्. तिनं कान लावला. पुन्हा मारला, जोरात. थर्माकोलला खळगा पडला. बराच वेळ ती कान लावूनच बसली.

मग तिनं वळून पाहिलं. वैजयंतीचा हात मशीनच्या चाकावरच थांबला.

"आई, आता मोठी आई जेवनार कशी?"