टोकाला कुंकू

सर्व्हर म्हणत होता, स्टोरेज नाही. आणि स्टोरेजचं कपाट तर समोर उभं, छातीइतकं उंच, दारावर झेंडूची माळ घालून! काल दसरा झाला, आज सकाळी चौलच्या हॉस्पिटलात स्कॅनची मशीन चालू केली, तर जुने सगळे स्कॅन गायब.

हेमाली, कंपनीची इंजिनिअर, नवी मुंबईहून धावत आली. मशीनच्या खोलीच्या दारात दादू उभा होता. खोली झाडायची, पुसायची, कुलूप लावायचं, सगळं त्याच्याकडे. तोंडचं पाणी पळालेलं.

"ताई, फोटो गेलं तर न्हाय ना?"

"गेले नाहीत हो काका. कपाटातच आहेत. सर्व्हरला तिथपर्यंत पोचता येत नाहीये, एवढंच."

"मग बघा की जरा लवकर. बाहेर आमची मंडळी बसलीय."

मंडळी म्हणजे त्याची बायको, सोनाबाई. गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ दिसली होती. वाढली नसेल तर हात लावायचा नाही, वाढली असेल तर ऑपरेशन. आजचा स्कॅन झाला होता. पण मुंबईचे सर्जन जुना स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय बोलायला तयार नव्हते. जुन्या रिपोर्टच्या कागदावरच्या आकड्यावर मी कुणाचं पोट उघडत नाही, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण दुपारच्या लाँचने ते परत जाणार, ते एकदम पुढच्या महिन्यात उगवणार. तोवर त्या बाईने काय, पोटावर हात ठेवून बसायचं?

हेमालीने सेटिंग पाहिली. ती जागच्या जागी होती. मग ती कपाटामागे शिरली. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन केबली. एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून. एकीची खोबण खाऱ्या हवेने केव्हाच खाल्ली होती, आणि दुसरी चालत होती म्हणून कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता दुसरीचाही दिवा बंद. दिसायला मात्र ठणठणीत.

तिने ती उपसली आणि टोक भिंगाखाली धरलं. आत केसासारखी बारीक काच असते. तिच्यातून उजेड जातो, त्या उजेडावर फोटो. त्या काचेवर लाल कण बसले होते. थोडे पिवळेही.

उरणला हेमालीच्या घरी दोन ट्रक आहेत, दर दसऱ्याला हळदकुंकू लावून पूजलेले. हा रंग तिला कुणी सांगायला नको होता.

"काका, काल पूजा कुणी केली?"

"मीच. दर साली मीच करतो."

"दर वर्षी केबल काढून?"

"न्हाय वो. दर साली दाराला लावतो हळदकुंकू." दादू घुटमळला. "पण कोयत्याला आपण मुठीला लावतो का, ताई? पात्याला लावतो. जिथनं काम होतं तिथं. मशीनवाला प्रणय बोलला होता, फोटो ह्या वायरीच्या टोकातनं येतात. म्हटलं, उद्या सोनाचा फोटो हितनंच येनार. म्हनून जरा..." त्याचा आवाज फुटला. "जरा दाबूनच लावलं."

हेमाली मघापासून कुणाला तरी झापायच्या तयारीत होती. ते सगळं तिने गिळलं.

"माज्या हातानं केलं मी ह्ये. माज्या हातानं."

"पुसलं की झालं, काका. रडताय काय? या इकडे, बॅटरी धरा."

त्याने मोबाइलची बॅटरी धरली. तिने टोक पुसलं, खोबण पुसली, पुन्हा भिंगातून पाहिलं, पुन्हा पुसलं. केबल खटकन बसली. जरा वेळ काहीच नाही. मग दिवा हिरवा झाला.

सर्जननी दोन्ही फोटो शेजारी लावले. खुर्ची पुढे ओढून कितीतरी वेळ बघत राहिले. दारात दादू, आत खुर्चीवर सोनाबाई, पदर मुठीत.

"तेवढीच आहे," ते म्हणाले. "हात लावायचं कारण नाही."

दादू भिंतीला टेकून खालीच बसला आणि पोरासारखा रडायला लागला. "सोना, मीच गं फोटो बंद पाडलं हुतं. कुंकू लावून. तुज्यासाठी लावलं, आन् भलत्याच जागी लागलं गं."

सोनाबाई उठली. त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं.

"उठा. लोकं बघतायत," ती म्हणाली. "गाठ वाढली न्हाय ना? मग भलत्या जागी कसं लागलं?"