भिंतीवरचा जिताडा

“मासा शिळा हाय,” चांगुणाबाई म्हणाली.

श्यामसुंदर सही करायला ब्रश उचलून उभा होता. दिवाळे गावच्या जेटीवरची ही भिंत तिथल्या कमिटीने त्याला रंगवायला दिली होती, आणि भिंतीसमोर बसून मासळी विकणाऱ्या चांगुणाबाईलाच त्याने भिंतीवर बसवलं होतं. पाच फूट उंच. पुढ्यात टोपली, टोपलीत एक जिताडा. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुरं झालेलं त्याचं हे पहिलं चित्र. पुरं म्हणजे, सही सोडून.

“चित्रातला मासा आहे, बाई. तो शिळा कसा असेल?”

“मीपन चित्रातलीच हाय ना? मी बरोबर दिसते का नाय?”

“दिसता.”

“मग माझ्या टोपलीत परवाचा मासा कोनी टाकला?”

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. मासा त्याने शनिवारी तिच्याकडूनच घेतला होता. तिच्या चेहऱ्याला दोन दिवस लागले, लुगड्याच्या चौकड्यांना एक. तोवर मासा नेरूळच्या फ्लॅटमध्ये, जिथे आजवर अंडंही शिरलं नव्हतं, फ्रिजमध्ये दह्याशेजारी मॉडेल म्हणून पडून होता. “हा राहील किंवा मी,” एवढंच बायको म्हणाली होती. ती बहिणीकडे गेल्यावर श्यामसुंदरने दही खाली सरकवून माशाला वरचा कप्पा दिला. मंगळवारी तो जसा दिसला तसा काढला.

“जे दिसलं ते काढलं,” तो म्हणाला. “प्रामाणिकपणे.”

“तुला बघायला चार दिस लागले, मास्तर. माशाला तेवढा टाइम नसतो.”

एवढ्यात तिचा मुलगा दिपेश होडी लावून आला. एका हातात मासळीची पाटी, दुसऱ्या हातात चुन्याची बादली.

“पेंटर, आईचा फोन आलेला. सकाळपासून दोन बाया भिंत बघून पुढे गेल्या. एकीने तर विचारलं, कालचा उरलेला का? चाळीस वर्षांत आईच्या टोपलीला असं कोनी बोललं नाय. आज बुधवार हाय. दहाला गर्दी होते. तोवर मासा ताजा करा, नायतर मी भिंत पांढरी करतो.” मग जरा मऊ होऊन म्हणाला, “टेन्शन घेऊ नका. मीच करतो. तुमाला त्रास नको.”

सव्वानऊ झाले होते.

श्यामसुंदरने आयुष्यात बरंच साहित्य हाताळून सोडलं होतं. तैलरंगाच्या वासाने बायकोला शिंका यायच्या. जलरंगाला खाडीची हवा मानवली नाही, कागद आठ-आठ दिवस सर्द. मग मातीकाम केलं, तर सोसायटीची ड्रेनेज लाइन तुंबली आणि सेक्रेटरीने सर्क्युलरमध्ये त्याच्या शिल्पाचा उल्लेख ‘गाळ’ असा केला. त्याच्या कलेवरचं हे आजवरचं एकमेव छापील मत. भिंतीच्या रंगाची खोड वेगळीच होती. उन्हात तो ब्रशवरच वाळत होता.

त्याने माशाचा डोळा मोठा केला. मासा घाबरल्यासारखा दिसू लागला.

डोळ्यात पांढरा ठिपका दिला.

“आता चष्मा लागला,” चांगुणाबाई म्हणाली.

त्याने कल्ल्याशी लाल रंग लावला.

“लग्नाला चाललाय काय?”

त्याने सगळं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. पावणेदहा झाले. दिपेश बादलीतला चुना काठीने ढवळत होता, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा. श्यामसुंदरला तो आवाज ब्रशच्या दांड्यापर्यंत जाणवत होता.

“नाही जमत,” शेवटी तो म्हणाला. “खरं सांगू? ताजा मासा मी कधी नीट बघितलाच नाही. शनिवारीसुद्धा पिशवीत टाकला आणि निघालो.”

चांगुणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे गिऱ्हाइकासारखं पाहिलं नाही. दिपेशच्या पाटीत हात घालून तिने एक जिताडा उचलला. कल्ले अजून हलत होते. तो दोन्ही हातांनी तिने भिंतीला लावून धरला.

“बघ. लवकर. ह्यो डोला आसा लय वेल राहात नाय.”

डोळा वर आलेला होता, ओला. तपकिरी होता, पण आत कुठेतरी पिवळं होतं, आणि आपण मान जरा हलवली की ते जागा बदलत होतं. श्यामसुंदरने ब्रश टाकून दिला. बोटानेच पिवळा उचलला, तपकिरीत दाबला, वाळायला लागला तसा चांगुणाबाईच्या मगातल्या पाण्याने पुन्हा ओला केला. तीन किलोचा मासा तिने कोपर भिंतीला टेकवून तसाच धरून ठेवला.

कल्ले थांबले. त्याने बोट काढून घेतलं.

दिपेश उठून जवळ आला. भिंतीवरच्या माशाकडे पाहिलं, आईच्या हातातल्याकडे पाहिलं. मग गेला आणि बादलीवर झाकण ठेवलं.

दहा वाजले. पिशव्या घेतलेल्या बाया जेटीकडे येऊ लागल्या. चांगुणाबाई आपल्या जागेवर बसली, जिताडा टोपलीत ठेवला आणि मगात हात बुडवून नेहमीप्रमाणे मासळीवर पाणी शिंपडलं. पहिल्या बाईशी भाव बोलता बोलता तिने मागे न बघता दुसरा हबका भिंतीवरच्या माशावर मारला.

ओल्या डोळ्यातला पिवळा रंग ओघळला. बारीक रेघ होऊन टोपलीच्या काठापर्यंत आला.

“आय, काय केलंस!” दिपेश फडकं घेऊन धावला.

श्यामसुंदरने त्याचं मनगट धरलं.

“थांब,” तो म्हणाला. “आईंनी त्याला टोपलीतलाच धरलंय. त्यांना अजून एक हबका मारू दे.”